बुधवारचे काटे

घरातलं हसणं कमी झालंय अशी आरेखकाची तक्रार होती; पण पुराव्याशिवाय तक्रार करणं त्याच्या पेशात बसत नव्हतं. इमारतींचे आराखडे काढण्यात त्याची हयात गेली होती. म्हणून त्याने बायकोच्या नकळत आठवडाभराचं दोघांचं बोलणं टिपून ठेवलं आणि जाड कागदावर शाईने त्याचा वेल काढला. देठाच्या डावीकडे त्याचं बोलणं, उजवीकडे तिचं. साधं बोलणं म्हणजे पान, टोचून बोलणं म्हणजे काटा, दोघं मिळून हसले तर फूल. एकेका वाराला वेलाचं एक पेर.

रविवारी कागद तिच्यापुढे ठेवायचा आणि विचारायचं, "बघ, कुठं चुकतंय आपलं?" असा बेत होता. शनिवारी शेवटचं पान रंगवून तो मागे सरला. काटे जवळजवळ सगळे डावीकडे होते. बुधवारी तर त्याच्या बाजूला पान औषधालाही नव्हतं. फूल एकच, शुक्रवारचं. त्या दिवशी कामाच्या तंद्रीत तो घराच्या कुलपाला ऑफिसची किल्ली लावत उभा राहिला होता आणि आतून बायको म्हणाली होती, "साहेब जेवायला गेलेत, नंतर या."

पुरावा त्याने कपाटामागे सरकवला.

तो तिथून निघाला ताईच्या हातून. थोरली बहीण ती. भरतकामाचा वर्ग चालवायची आणि भावाच्या घरात हवं ते शोधायला तिला कुणाला विचारावं लागत नसे.

"बाळ्या, एवढा गोड वेल काढलायस आणि कपाटामागे कोंबलास?"

"अर्धवट आहे तो, ताई."

"मग मी पुरा करते. नेऊ ना?"

नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि बायको तिथेच कपड्यांच्या घड्या करत होती.

"ने," तो म्हणाला.

महिन्याभरात वेल फोफावला. वर्गातल्या बायकांनी तो उशांवर उतरवला, एप्रनवर उतरवला. समोरच्या दंतवैद्याच्या बायकोने पडद्यावर भरला. नवऱ्याच्या आग्रहावरून काटे अधिक टोकदार केले. सकाळी दात घासताना आरेखकाला समोरच्या खिडकीत आपला बुधवार वाऱ्यावर हलताना दिसे.

मग एका संध्याकाळी ताई टेबलक्लॉथ घेऊन आली. स्वतः पसरला, सुरकुत्या काढल्या.

"तुझे काटे मी गाळलेत हं. जेवताना डोळ्यांत खुपतात. तिथे फुलं घातलीत. आणि ते एकच फूल कुठेतरी कोपऱ्यात होतं, ते बघवेना."

ताई चहा पिऊन गेली. बायको मात्र टेबलापाशीच बसून राहिली. ती इस्पितळात लोकांच्या हृदयाचे आलेख काढायची. रेघ दिसली की वाचल्याशिवाय तिला राहवत नसे.

"अहो, वेलाची पेरं कधी अशी सारख्या अंतरावर असतात का?"

"आराखड्याची सवय. हात तसाच चालतो."

"सातच आहेत. रविवारपासून ना?"

त्याने रिकामा कप उचलून पुन्हा ठेवला. "हो."

"शुक्रवारचं फूल म्हणजे ती किल्ली, आपण दोघं हसलो होतो ते. तेवढं कळलं." तिचं बोट मागे सरकलं. "पण बुधवारी एवढी फुलं? त्या दिवशी तर तुम्ही भाजीपासून माझ्या भावापर्यंत सगळ्यांना धारेवर धरलं होतं."

"ती ताईची फुलं. मी काटे काढले होते."

"माझ्या बाजूला?"

खोटा आराखडा त्याने उभ्या जन्मात काढला नव्हता. "माझ्या," तो म्हणाला. "म्हणूनच लपवला होता."

ती बराच वेळ टाक्यांवरून बोट फिरवत राहिली.

"ताईंचा टाका पक्का असतो," ती म्हणाली. "उसवायला गेलं तर कापड फाटेल. आता ही फुलं अशीच राहणार."

"पण ती खरी नाहीत ना."

"ते तुमचं तुम्ही बघा. आज वार कोणता?"

बुधवार होता. तो उठला, खुंटीवरचा किल्ल्यांचा जुडगा घेतला आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. मग कुलपात भलतीच किल्ली खटपटू लागली.

बायकोने पदराने टेबलावरचा चहाचा थेंब टिपला.

"साहेब आत्ताच बाहेर गेलेत," ती आतून म्हणाली. "पण येतील. बसा."