पालकत्वाची पडताळणी

विमा कचेरीतल्या एका शाखाधिकाऱ्यांनी घरातलं इंटरनेट शिस्तीत आणायचं ठरवलं. सातवीतली मुलगी मोबाइलमधून डोकं वर काढत नाही, ही तक्रार ते बायकोकडे वारंवार मांडत. त्यांच्या स्वतःच्या मोबाइलमधून डोकं वर न काढता. "करा काय ते," बायको म्हणाली. यालाच मंजुरी मानून त्यांनी पालक-नियंत्रणाचं सॉफ्टवेअर बसवलं.

सॉफ्टवेअर काटेकोर निघालं. मर्यादा घालण्याचा अधिकार पालकालाच असल्याने अर्जदार खरोखर पालक आहे, याची त्याला खात्री हवी होती. मुलीची जिवलग मैत्रीण कोण? तिला भीती कशाची वाटते? ती शेवटची कधी रडली? अपुऱ्या माहितीचे दावे फेटाळण्यात शाखाधिकाऱ्यांची हयात गेली होती. आता त्यांनीच ठोकून दिलं: मैत्रीण शेजारची, भीती परीक्षेची, रडणं लहानपणी. शेजारी कधीच बिऱ्हाड हलवून गेले होते.

पडद्यावर अक्षरं उमटली: "पालकत्व सिद्ध झालेले नाही. आपली नोंद बालक म्हणून करण्यात येत आहे."

पालकाच्या रिक्त पदाबाबत बायकोकडे विचारणा झाली. हे खातं आपण आधीच सांभाळतो, आणखी एक मूल झेपणार नाही, असं सांगून तिने नकार कळवला. मग मुलीला बाबांविषयी तेच प्रश्न आले. तिने न अडखळता उत्तरं दिली. बाबांना साहेबांच्या फोनची भीती वाटते. आजोबांचा जुना चष्मा सापडला तेव्हा ते रडले होते, न्हाणीघरात, नळ सोडून.

शाखाधिकारी दारातच उभे होते. त्यांना वाटलं होतं, नळाचा आवाज पुरेसा होता.

मुलीची पालकपदी नेमणूक झाली आणि जेवणानंतर बाबांचं इंटरनेट बंद पडू लागलं. मुदतवाढीचे अर्ज 'कारण समाधानकारक नाही' या शेऱ्यासह परत आले. शेवटी, करायला दुसरं काही न उरल्याने, ते मुलीच्या खोलीत गेले.

"तुझ्या मैत्रिणीचं नाव काय गं?"

"त्या पडताळणीसाठी विचारतोयस, की असंच?"

"दोन्ही," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

मुलीने सरकून पलंगावर जागा केली.

कचेरीत हा किस्सा कळला तेव्हा सगळे पोट धरधरून हसले. मग एकेक जण काहीतरी निमित्त काढून व्हरांड्यात गेला आणि हळू आवाजात घरी फोन लावू लागला. तुम्हीही मघाशी त्या तीन प्रश्नांपाशी जरा थबकलात. आम्ही पाहिलं नाही, असं समजा.