दोन सायकलवाले

एकट्यानं सायकलवर फिरावं तर या डायसन लिकोस्वेनं! असं मी झोम्बाच्या बाजारात, आमच्या शिलाईच्या व्हरांड्यात, चार शिंप्यांसमोर छाती ठोकून सांगितलं. झोम्बा ते मुलांजे, कच्च्या रस्त्यानं, लहान लहान गावांतून. रात्री मुक्काम तंबूत. तंबूही माझ्याच हातचा, सहा जुन्या छत्र्यांचं कापड जोडून शिवलेला!

"कुणाची मदत घेणार नाही आणि कुणाला मागे बसवणार नाही," मी जाहीर केलं.

"मागे कुणी बसणार नसेल, तर सायकल न्यायचीच कशाला?" शेजारच्या मशीनवरून वायसन म्हणाला. त्याचंही खरं होतं. आमच्याकडे सायकलला मऊ गादी लावून माणसं वाहणारे कबाझावाले गल्लोगल्ली. रिकामं कॅरिअर दिसलं की लोकांना आपलंच वाटतं. म्हणून मी तिथं तंबू करकचून बांधला.

बायकोची, एलुबीची, काळजी वेगळीच. "शेजारणींना काय सांगू? घर असून नवरा तंबूत राहायला गेला म्हणून?"

"सांग, मोठ्या मोहिमेवर गेलाय!" मी म्हणालो आणि ऐटीत घंटा वाजवली. माझी घंटा ट्रिंग झाली की शेवटी खर्रर्र करून खोकते. दुरुस्त कर म्हणून सगळे सांगतात. मी म्हणतो, असू दे, तीच तिची ओळख!

डोक्याला हेल्मेट, डोळ्यांवर काळा चष्मा. निघालो. जाली गाव मागे पडलं आणि रस्ता एकदम मोकळा! एकही कबाझावाला नाही. वाटलं, माझ्या पराक्रमासाठी देवानंच वाट साफ केली.

अकराच्या सुमारास पुलापाशी एक म्हातारा दिसला. हातात हिरवी छत्री, एका पायात काळा बूट, दुसऱ्यात तपकिरी. त्यानं छत्री वर केली.

"अरे बाळा, पुढं नेतोस का? मला जरा..."

"बाबा, मी कबाझावाला नाही! मी एकटाच जातो!" असं म्हणून मी ट्रिंग-खर्रर्र करत त्याच्या बाजूनं निघून गेलो. वळूनसुद्धा बघितलं नाही.

पुढं चाक पंक्चर झालं. त्यात तास गेला. बाजारात पोटभर मक्याच्या पिठाचा न्सिमा आणि मासे खाल्ले, आंब्याखाली डोळा लागला. दुपारी तीनला म्पांगो गावात शिरतो, तर एका घरापुढं ही गर्दी! आत बायकांचं रडणं, बाहेर पुरुष ओंडक्यांवर बसलेले, भिंतीला ओळीनं लावलेल्या कबाझाच्या सायकली. मयत होती. गावात मयत असली की कुणी कामाला जात नाही. तेव्हा कुठं मला तो मोकळा रस्ता कळला.

मयतीवरून सायकल हाकत कुणी जात नाही. मी उतरलो, मान खाली घातली, पायी निघालो. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "मामा आले!"

झालं! हेल्मेट आणि काळ्या चष्म्यात माझा चेहरा कुणाला दिसणार? बायकांचा आक्रोश दुप्पट. दोघांनी माझी सायकल धरली, तिघांनी मला. मला चटईवर बसवलं, तंबू सोडून शेजारी ठेवला. गावचा मुखिया दोन्ही हात जोडून पुढं आला. "मामा, फार उशीर केलात. आता परवानगी द्या, म्हणजे माती देता येईल."

"अहो, मी मामा नाही," मी कसाबसा बोललो. "मी सायकलवर फिरायला निघालोय."

"फिरायला? एकटा?"

"हो."

"बायकोनं हाकललं का?"

"नाही हो!"

मुखियानं मग सगळं सांगितलं. गेली ती एनेलेस, चाळिशीची, चार लेकरांची आई. माहेरच्या मामानं होकार दिल्याशिवाय नवऱ्याकडच्यांना तिला माती देता येत नव्हती. आदल्या दिवसापासून ती घरात होती. उन्हाचा कहर, आणि दिवस बुडायच्या आत उरकायला हवं. मामाला आणायला माणसं डांबरी रस्त्यावर मिनीबसच्या थांब्यावर सकाळपासून उभी.

"दिसतो कसा मामा?" मी उगाच विचारलं.

"म्हातारा आहे. डोळ्यांत मोतीबिंदू. हिरवी छत्री असते हातात," एनेलेसचा नवरा म्हणाला. त्याचा आवाज रडून रडून बसला होता.

माझ्या तोंडचं पाणी पळालं! हेल्मेट हळूच चटईखाली सरकवलं, चष्मा खिशात घातला. "मी... मी कच्च्या रस्त्याला बघून येतो," म्हणालो आणि सायकलवर उडी मारली.

"देवमाणूस!" मागून मुखियाचा आवाज आला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तासभर जीव तोडून पायडल मारलं. मामा रस्त्याच्या कडेला दगडावर बसला होता. काळा बूट काढून हातात घेतलेला, टाच सोललेली.

"मामा, बसा. एनेलेसकडे नेतो."

तो मागे बसला आणि एनेलेसचं नाव पुटपुटू लागला. माझी कंबर घट्ट धरली. वाटेत शेळ्या आडव्या आल्या, मी घंटा वाजवली. ट्रिंग... खर्रर्र. मागे मामाचं पुटपुटणं एकदम थांबलं. मला वाटलं, दमला.

ऊन उतरता उतरता माती झाली. मग मामा छत्री टेकून बोलायला उभा राहिला.

"एनेलेसला मी खांद्यावर बसवून शाळेत नेलंय. आज तिच्यापाशी पोचायला मला दुसऱ्याची सायकल लागली." त्यानं छत्री या हातातून त्या हातात घेतली. "वाटेत मला दोन सायकलवाले भेटले. सकाळचा म्हणाला, मी एकटाच जातो. देव त्याला वाटेत सोबत देवो."

"आमेन!" सगळे म्हणाले.

"दुपारचा आपण होऊन आला. मी हातही केला नव्हता. देव त्याला उदंड आयुष्य देवो."

"आमेन!"

मी दोन्ही वेळा आमेन म्हटलं. पहिल्यांदा जरा जोरातच! मग मात्र मला रडू आलं, आणि ते सगळंच काही एनेलेससाठी नव्हतं.

संध्याकाळी अंगणात मी माझा तंबू मामासाठी ठोकत होतो. मला पुरुषांच्या रांगेत चटई मिळाली होती.

"उद्या मला घरी, जालीला सोडशील?" मामानं विचारलं.

"सोडतो की, मामा!" मुलांजे गेलं खड्ड्यात.

तो वाकून तंबूत शिरला. मग त्यानं डोकं बाहेर काढलं आणि हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "बाळा, त्या दोघाही सायकलवाल्यांना सांग, घंटा दुरुस्त करून घ्या. दोघांचीही सारखीच खोकते."