माणिकरावांचा जाडा-बारीक क्लब

माणिकराव उदगीरकरांनी पहिल्या भेटीत मला माझं गाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, पगार तर नाहीच. हैदराबादेत, तारनाक्याच्या इराणी हॉटेलात मी मराठी साप्ताहिक उघडून एकटाच चहा पीत बसलो होतो. समोर पाण्याच्या पिंपाएवढा एक गृहस्थ येऊन उभा राहिला. त्यांनी मला डोक्यापासून चपलेपर्यंत पाहिलं, मान तिरकी करून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "वा! एकदम बरोबर. तुमचा जाडा कुठाय?"

मी पुण्याचा. अनोळखी माणूस बोलायला आला की आधी आपला अपमान झालाय असं धरून चालायची आम्हाला सवय. मी कडक आवाजात विचारलं, "कसला जाडा?"

"म्हणजे नाहीच? इतके बारीक आहात आणि जाडा नाही? कोणी बघून दिला नाही?" लग्न लांबलेल्या मुलीच्या बापाकडे लोक पाहतात, तसे ते माझ्याकडे पाहू लागले. मग माझी बशी बाजूला सारून समोर बसले. "काळजी नक्को. मी बघतो."

जुन्या कृष्णधवल विलायती चित्रपटांत एक विनोदी जोडी होती. जाडा हुकूम सोडायचा, बारीक तो मनापासून पाळायचा, आणि त्यामुळे शेवटी भिंत तरी पडायची नाहीतर जिना तरी. ह्या जोडीच्या भक्तांचा 'जाडा-बारीक क्लब' माणिकरावांनी तारनाक्याला काढला होता. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर ते तेवढंच करत. आमच्या वसाहतीतल्या करमणूक केंद्राच्या हॉलमध्ये दर दुसऱ्या शनिवारी चार वाजता खेळ व्हायचा. अफझलगंजच्या जुन्या बाजारातून आणलेलं एक प्रोजेक्टर मशीन आणि मोजके तीन चित्रपट, एवढीच क्लबची मालमत्ता. तीच भिंत त्याच जागी पडायची आणि सभासद पहिल्यांदाच पडल्यासारखे हसायचे.

ह्या क्लबात एकट्या माणसाला प्रवेश नव्हता. सभासदत्व जोडीला. एक जाडा, एक बारीक, दोघांत मिळून एक कार्ड आणि एक मत. एक अर्धा आला नाही तर दुसऱ्यानं हॉलच्या पायरीवरूनच घरी जायचं. आणि एक अर्धा कायमचा गेला, तर दुसऱ्याचंही नाव कटणार.

माणिकरावांनी मला जाडा शोधून दिला, तो माझा घरमालक. रेड्डी गारूंचं (गारू म्हणजे तेलुगूतलं 'राव') आणि माझं पाण्याच्या मोटरीवरून बोलणं बंद होतं. मोटर चालू ठेवून मी ऑफिसला निघून गेलो होतो आणि गच्चीवर वाळत घातलेल्या त्यांच्या वर्षभराच्या मिरच्या वाहून खालच्या गल्लीत गेल्या होत्या. हे मी माणिकरावांना सांगितलं, तर ते हरखूनच गेले. "म्हंजे काम सुरू झालंय की तुमचं! हेच तर पाहिजे!" रेड्डी गारूंना त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण पुढच्या शनिवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभे. "चलो जी," ते जड आवाजात म्हणाले, "आप के बगैर मेरे कू अंदर नहीं छोड़ते बोले."

माणिकरावांचं मराठी अस्सल हैदराबादी. 'नको'ला 'नक्को', 'हो'ला 'हौ', आणि होऊन गेलेली कुठलीही गोष्ट 'परसों'. परवा झालेलीही परसों आणि दहा वर्षांपूर्वीचीही परसों. त्यांचा स्वतःचा बारीक कोण, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "सत्तारभाई. अफझलगंजला घड्याळाचं दुकान होतं. मुलीकडे गेलाय, शिकागोला. परसोंच गेला." मग हा नियम तुम्हाला लागू नाही का, असंही मी विचारलं. पुणेकर ते विचारणारच. "मी मशीनवर असतो," ते म्हणाले. "अध्यक्ष ड्यूटीवर आहे. बसलेला नाही."

ते दिवस देशाची दारं-खिडक्या उघडण्याचे होते. घरोघर केबल आली होती, कोपऱ्याकोपऱ्यावर परदेशी कोला मिळत होता, आणि दिलसुखनगरात उगवलेले कम्प्युटरचे क्लास गाजरगवतासारखे तारनाक्यापर्यंत पसरले होते. त्या क्लासांतून बाहेर पडलेली पोरं थेट अमेरिकेला जात होती. क्लबचे निम्मे बारीक असलीच पोरं. एक बारीक विमानात बसला की इथे एक जाडा कमी. विमानतळावर पोराच्या आईपेक्षा त्याचा जाडा जास्त रडायचा.

मी एकदा सुचवून पाहिलं, "माणिकराव, एकट्यालाही घेऊ या ना. क्लब टिकेल तरी."

"नक्को."

"पण का?"

"एकटा माणूस हसताना पाहिलाय कधी? येडा वाटतो." आणि विषय संपला. माणिकरावांनी संपवलेला विषय पुन्हा उघडायची हिंमत वसाहतीत कोणातही नव्हती.

मग एक दिवस केंद्राचे सेक्रेटरी मूर्ती गारू येऊन सांगून गेले. एका कम्प्युटर क्लासला शनिवारी हॉल हवा आहे. क्लबच्या रीतसर दहा जोड्या दाखवा, हॉल तुमचा. नाहीतर क्लासचा.

माणिकराव इरेला पेटले. भाजीवाल्याकडे, बसस्टॉपवर, देवळाच्या पायरीवर ते माणसं जोखत उभे राहू लागले. दोन अनोळखी गृहस्थांना रस्त्यात थांबवून, "जरा शेजारी शेजारी उभे राहता का? कायकू म्हंजे? बघायचंय," असं म्हणताना मी त्यांना स्वतः पाहिलंय. कोर्टात भांडणारे दोन भाऊ त्यांनी एका कार्डावर आणले. जोडीत कोणाचा आकार कमी पडलाच तर म्हणत, "खाईल की पुढं."

माझी कामगिरी निराळीच. मी कम्प्युटरवाला, म्हणून क्लबची रीतसर नियमावली तयार करायचं काम माझ्याकडे आलं. (ऑफिसात माझा अधिकार प्रिंटरची रिबन बदलण्यापुरता होता, हे मी तारनाक्यात कोणाला कळू दिलं नव्हतं.) नियम हिंदीत लिहायचं ठरलं, कारण ती सगळ्यांना सारखीच कमी येत होती. मी जोरात होतो. मजकुराला कायद्याचं वजन यावं म्हणून एक कलम मी स्वतःच्या डोक्यातून घातलं: जोडीतले दोघंही 'हयात और राजी' असले पाहिजेत. त्या ओळीवरून माणिकरावांनी दोनदा बोट फिरवलं. मला वाटलं, भारावले. मग म्हणाले, "राहू द्या. नियम पक्काच पाहिजे."

शनिवार उजाडला. मूर्ती गारूंबरोबर क्लासचा तरुण मालक टेप घेऊन आला होता आणि एसी कुठे बसेल ते मोजत होता. कम्प्युटरला गारवा लागतो. आम्ही इतकी वर्षं तिथेच घाम पुसत हसत होतो. नऊ जोड्या खुर्च्यांवर खेटून बसल्या होत्या. दहावी अध्यक्षांची.

मूर्ती गारूंना माझं कलम भलतंच आवडलं. प्रत्येक जोडीपुढे जाऊन ते लग्न लावणाऱ्या भटजीच्या थाटात विचारू लागले, "हयात? राजी?" हॉल खिदळत होता. आमच्यापुढे आले तेव्हा रेड्डी गारू म्हणाले, "हयात तो हूँ जी. मिर्ची का नुकसान भर दिए तो राजी भी हूँ." सगळ्यात मोठा हशा त्यालाच पडला. मी मान वळवून लोकांकडे पाहत होतो. माझं कलम, म्हणून हशाही माझाच.

मूर्ती गारू माणिकरावांपुढे थांबले. "अध्यक्ष साब. सत्तारभाई अमरीका में हैं ना? चलता. हयात? राजी?"

नुसतं 'हौ' म्हणायचं होतं. हॉल वाचला असता. कोणी शिकागोला जाऊन पाहणार नव्हतं.

माणिकराव उभे राहिले. शर्टाची वरची गुंडी लावली. "राजी है, सेक्रेटरी साब," ते म्हणाले. "हयात नहीं है."

हसणं एकदम थांबलं नाही; मागच्या रांगेला ऐकू गेलं नव्हतं. ते पुढून मागे हळूहळू विझत गेलं.

सत्तारभाई गेल्याचा त्यांच्या मुलीचा फोन येऊन वर्ष होऊन गेलं होतं. माणिकरावांनी वसाहतीत कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की नाव कटणार, दोघांचंही.

मूर्ती गारू वाईट नव्हते. "देखिए, मैं तो दस लिख लेता हूँ," असं ते पुटपुटलेही. पण माणिकराव ऐकायला तयार नव्हते. "नक्को. नियम म्हंजे नियम. नऊ." त्यांनी कार्डांचा डबा आणि कपाटाची किल्ली रेड्डी गारूंच्या हातात दिली आणि जाता जाता माझ्यापाशी थांबले. "चांगलं लिहिलंत, पुणेकर. पळवाट नाही ठेवली." ते खरोखरच कौतुक करत होते, ह्यामुळे तर मला कुठे बघावं ते कळेना.

हॉल पुढच्या महिन्यापासून क्लासचा झाला. (क्लब मेला नाही. रेड्डी गारूंच्या गच्चीवर, धुतलेल्या चादरीवर तो पुढे बरीच वर्षं चालला, आणि मिरच्या वाळत घालायची जागा बदलली.) पण त्या दिवशीचा खेळ अजून व्हायचा होता. लोक कुजबुजत उठायला लागले, तोच मागून आवाज आला, "बसा. आजचा शनिवार आपलाच आहे. मशीन लावतो."

"पण माणिकराव, तुम्ही तर आता..." कोणीतरी म्हणालं.

"मशीन चालवणारा मेंबर लागतो असं लिहिलंय का कुठं? पुणेकर, लिहिलंय?"

मी जोरजोरात मान हलवली. देवाच्या कृपेनं तेवढं लिहायचं राहिलं होतं.

पडदे ओढले. चित्र सुरू झालं. सुरुवातीला कोणी हसेना, मग बारीकनं खांद्यावरची शिडी घेऊन गिरकी मारली आणि सवयीनं हॉल हसला. रेड्डी गारू हसता हसता घोरायला लागले, तेव्हा मी हळूच उठून मागे मशीनपाशी गेलो. काय बोलायचं ते जाताना ठरवलं होतं. "माणिकराव, माझ्याबरोबर जोडी करा."

"आणि रेड्डींना कुठं टाकता?" ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "ते बाहेर होतील ना मग. नक्को."

मी तिथेच उभा राहिलो. मशीनची घरघर चालू होती. थोड्या वेळानं त्या घरघरीखालून दुसरा आवाज ऐकू आला. माणिकराव ओठांतल्या ओठांत बोलत होते. "अब सीढ़ी उठाया... मोटा बोल रा, सीधा पकड़... उलटा पकड़ा..."

माझ्याकडे त्यांचं लक्ष गेलं तसे ते थांबले. "शेवटी शेवटी सत्तारला दिसत नव्हतं," ते म्हणाले. "घड्याळं बघून बघून डोळे गेले. पण शनिवार सोडत नव्हता. इथंच बसायचा, मशीनच्या बाजूला. मला सांगावं लागायचं. आता तोंड गप बसत नाही."

भिंतीशी एक स्टूल होतं. मी ते ओढून मशीनच्या बाजूला घेतलं आणि बसलो. मग चष्मा काढून खिशात ठेवला. चष्म्याशिवाय मला पडदा म्हणजे नुसता हलणारा उजेड.

हॉलमध्ये एकदम मोठा हशा झाला.

"काय झालं?" मी विचारलं.

माणिकरावांनी माझ्याकडे पाहिलं असावं. मला नीट दिसलं नाही.

"पडला," ते म्हणाले.

"कोण?"

"दोघंपण."