घरी वाचायचा धडा

रामचंद्र मास्तरांनी त्या वर्षीही तो धडा टाळला. नावड्याजवळच्या एका शाळेत ते सातवीला आरोग्यशास्त्र शिकवत. दात, डोळे, पचन, सगळं अगदी तब्येतीत (जठर तर फळ्यावर असं काढत, की पोरांना भूक लागे). पण ‘वयात येताना’ या धड्यापाशी आले, की त्यांना खोकला यायचा. "हा घरी वाचा," म्हणून ते थेट हिवतापावर उडी मारत. सन बासष्टपर्यंत कुणी तक्रार केली नव्हती.

त्यांची मुलगी शांती त्याच वर्गात. तिनं घरी धडा उघडला, तर आईनं ते पान पाहून पुस्तकच फडताळात टाकलं. मग आई, चंद्राबाई, बहिणीच्या बाळंतपणाला बेलापूरला निघून गेली.

एक दिवस पोट दुखतंय म्हणून शांती शाळेत आलीच नाही. संध्याकाळी मास्तर घरी आले, तर पोर भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"बाबा, मी आता वाचत नाय."

"असं कसं? परीक्षा आलीय. ऊठ, वाच!"

"तसं नाय ओ... मी मरनार. सकालपासून रगत जातंय."

मास्तरांच्या हातातली छत्री गळाली. कुठं कापलं? विंचू चावला? (एकदा तर "दात पडला का?" हेही विचारून झालं.) पोर नुसती रडत होती. त्यांनी पनवेलच्या डॉक्टरकडे न्यायला आळीतल्या देवजीला त्याची बैलगाडी जुंपायला लावली आणि शेजारच्या पुतळामावशीला हाका मारल्या. दारात अर्धं गाव जमलं. पुतळा आत गेली आणि हसत बाहेर आली.

"गाडी सोडा रं. मास्तर, पोर शानी झाली! तुमी कवा व्हनार?"

सगळे हसले. मास्तरही हसले असते. पण पुतळानं जाताना हळूच सांगितलं, की शांतीनं आपल्या लाल रिबिनी सकाळीच मैत्रिणीला देऊन टाकल्यात. मरायचंच, तर ठेवून काय करायच्या?

दिवसभर पोर एकटी मरणाची वाट बघत पडली होती, आणि बाप हाकेच्या अंतरावर डासांची चित्रं काढत होता. मास्तरांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक शोधून काढलं, धडा दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि शांतीसमोर बसले.

"शांते, चुकलं माझं. मी शिकवायला हवं होतं. आता तुला काही... म्हणजे, विचारायचं असेल तर..."

त्यांच्या कपाळावरचा घाम बघून शांतीला त्यांची दया आली.

"नको बाबा, मावशीनं सगलं सांगितलं. तुमालाच काय इचारायचं आसंल, तर इचारा."