शेवंतीची मिरवणूक

आयरलिस प्रॉसरच्या लायसन्सवर तीन दंडगुण होते. आजचा दिवस सुखरूप गेला की तिची नवशिकेपणाची दोन वर्षं संपणार होती. त्याआधी आणखी तीन पडले तर लायसन्स रद्द, पुन्हा परीक्षा आणि गाडीला पुन्हा तो लाल 'एल'. शिकाऊ माणसाच्या शेजारी पक्क्या लायसन्सवाला बसावा लागतो. गावातली बस बंद झालेली, तेव्हा तो पक्का म्हणजे कोण, हे आयरलिसला ठाऊक होतं. ती व्यक्ती आत्ताही शेजारी बसून पेपरमिंट चघळत होती. तिची नणंद, मेन्ना.

"पाचव्या खेपेला पास झालीस, तेव्हाच मी म्हटलं होतं," मेन्ना म्हणाली, "माझ्या भावाची गाडी माझ्याकडे दे."

"एमरिसने मला दिली."

"दिली कसली? तो गेला, आणि तू किल्ली उचललीस."

गाडी लांबलचक, काळी, मागे तिन्ही बाजूंनी काचा. आज तिथे बादल्यांमध्ये पांढरी शेवंती उभी होती, एकेक फूल कोबीएवढं. शहरातल्या पुष्पप्रदर्शनाला निघालेली. एमरिसनेच लावलेल्या वाणाची. आयरलिसने तिचा एकुलता एक चांगला कोट घातला होता, तो काळा. मेन्ना भाऊ गेल्यापासून काळंच घालत होती.

मागचे तीन दंडगुण ताशी वीस मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर केक गरम पोचवण्याच्या नादात पडले होते. म्हणून आज आयरलिस पंधराने चालली होती.

"फार हळू चालवून रस्ता अडवला तरी दंडगुण पडतात हं," मेन्ना आनंदाने म्हणाली. "मागे बघ."

"मागे बघितलं की पुढे चुकतं."

मागे पाववाल्याची व्हॅन होती, तिच्यामागे ट्रॅक्टर, पोस्टाची लाल गाडी आणि मग वळणाआड जाणारी रांग. नवल म्हणजे कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. उलट एकेकाने दिवे लावले होते. समोरून येणाऱ्या गाड्या कुंपणाला चिकटून थांबत होत्या. एका फाटकापाशी म्हातारा मेंढपाळ उभा होता. त्याने टोपी काढून छातीशी धरली.

"कोण गं हा?" आयरलिसने विचारलं.

"मला काय माहीत. तू हात कर."

आयरलिसने हात केला. म्हातारा जरा गोंधळला, पण त्याने मान लववली.

शहराच्या चौकात सिग्नल लाल झाला. आयरलिस थांबली, मागची अख्खी रांग थांबली. चौकातल्या पोलिसाने चारी बाजूंची वाहतूक अडवली आणि तिला पुढे यायची खूण केली.

आयरलिसने काच खाली केली. "लाल आहे, साहेब. लालवर गेलं की तीन पडतात."

"बाई," पोलीस हळू आवाजात म्हणाला, "आज तुम्हाला कुणी थांबवणार नाही." आणि त्याने टोपी काढली.

ती लाल सिग्नलवरून गेली. प्रदर्शनाच्या हॉलपाशी वळली, तर निम्मी रांगही मागोमाग वळली. पाववाला उतरला, पोस्टमन उतरला. एक शब्द न बोलता त्यांनी बादल्या उचलल्या आणि खाली मान घालून, पावलाला पाऊल जुळवत आत नेल्या. तेव्हा कुठे आयरलिसच्या डोक्यात प्रकाश पडला: लोकांना ही अंत्ययात्रा वाटली होती.

एवढ्यात पोलीस चालत आला. त्याने दारावरचा रंगीत फलक वाचला, मग गाडीकडे पाहिलं, मग फलकाकडे.

"कोण गेलं, बाई?"

आयरलिसने खरं सांगायला तोंड उघडलं. एक शब्द, आणि गाडीला 'एल'. मेन्नाच्या हाती आयती संधी आली होती. तिने पेपरमिंट गालात सरकवलं.

"माझा भाऊ," ती म्हणाली. "हिचा नवरा. फुलं त्याचीच."

सगळं खरं होतं. केव्हा गेला, ते पोलिसाने विचारलं नाही. त्याने दोघींचे हात हातात घेतले आणि निघून गेला.

शेवंतीला पहिलं बक्षीस मिळालं. परतताना दोघी कागदातले चिप्स खात होत्या आणि मेन्नाला हसू आवरत नव्हतं. फाटकापाशी तो मेंढपाळ अजून होता. रिकामी गाडी आणि हसणाऱ्या दोन बायका पाहून त्याचा हात टोपीपर्यंत गेला आणि तिथेच अडकला.

"का बोललीस तसं?" आयरलिसने विचारलं.

"एमरिसला पुरताना पाऊस होता. दहा माणसंसुद्धा आली नव्हती," मेन्ना म्हणाली. "आज बघ." मग तिने कागदाची घडी केली. "आणि उद्यापासून जरा जोरात चालव. माझा भाऊ असा रांगत नसे."