बसाप्पा आणि बाळाचं टोपडं

बसाप्पा टेलरसमोर ‘फ्री साईज’ म्हणायचं नाही. एका गिऱ्हाइकानं म्हटलं, तर त्याचं कापड यानं रस्त्यावर भिरकावलं. “फ्री साईज पोत्याची असती, माणसाची न्हाई!”

त्याचं दुकान आमच्या दवाखान्यासमोर. मी तिथं नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स. माझ्या युनिफॉर्मची कॉलर बघून तो रोज दातओठ खायचा. “शिस्टरअक्का, ही शिवणाऱ्यालाच सलाईन लावा की!”

एकदा शाहूवाडीकडचं सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ आलं. श्वास घेताना छाती खोल आत जायची. नाकाशी बारीक नळ्या बसवून दाबानं हवा दिली. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. बुडबुडे येत राहिले की समजायचं, दाब टिकलाय. नळ्या जागेवर धरते ती डोक्यावरची टोपी. अन् आमच्याकडं टोप्या आलेल्या एकाच मापाच्या! टोपी घसरली की नळी निसटायची, बुडबुडे बंद. स्टोअरवाल्याशी भांडले. “अर्ज द्या,” म्हणाला. माझं डोकंच फिरलं. बाळापाशी दुसऱ्या सिस्टरला उभं केलं आणि तसलीच एक टोपी नेऊन बसाप्पाच्या मशीनवर आपटली.

“कुठल्या गाढवानं शिवली ही?”

“फ्री साईज आहे.”

तो उठलाच. वॉचमनशी भांडला, डॉक्टरांशी भांडला, हात धुऊन गाऊन चढवला, गाऊनच्या शिलाईला शिव्या घातल्या. काचपेटीपाशी आला आणि दोन्ही हात पाठीमागं घेतले. माप मी घेतलं. तो नुसता बघत राहिला.

तासाभरात टोपी आणली. “शिवण भाईर ठेवलीया. आत रुतंल की.”

टोपी चपखल बसली. बाटली गुडगुडायला लागली. डॉक्टर म्हणाले, “छान!”

“छान काय?” बसाप्पा उखडला. “लेकरू वाढणार न्हाई व्हय? दर आठवड्याला नवी लागंल!”

आणि दर आठवड्याला तो तणतणत नवी टोपी घेऊन आला.

बाळ आपलं आपण श्वास घ्यायला लागलं, घरी गेलं. बारशाचं आवतन आम्हा दोघांनाही आलं. एसटीत तो सीटच्या कव्हरांवर खेकसत होता. मांडवात मात्र कडेला अंग चोरून उभा राहिला. त्याला बायको नाही, भाऊबंद नाहीत. असल्या कार्याला बोलावणार कोण?

एका म्हातारीनं विचारलं, “पावणं, कुणाकडचं म्हनायचं?”

त्यानं माझ्याकडं बघितलं, घसा खाकरला.

“लेकराकडचा हाय मी,” तो हळूच म्हणाला.