पुराव्याचा ढीग

गीताबाईंच्या दारातला ढीग उचलायचा होता, गोष्ट एवढीच. गावाचं नाव सांगत नाही. उगाच नारायणरावांकडे माझीच तक्रार जायची.

ग्रामपंचायतीनं नाली उपसली आणि निघालेला काळाकुट्ट गाळ, त्यात फाटक्या चपला, पिशव्या आणि कुण्या लेकराचं प्लास्टिकचं बदक, असा सगळा ऐवज नेमका गीताबाईंच्या दारापुढं टाकला. "वाळला की नेतो," असं स्वच्छतेचं काम पाहणारा कारभारी म्हणाला. गाळ वाळला, तेव्हा ट्रॅक्टर पंक्चर होता. ट्रॅक्टर सुधारला, तेव्हा अवकाळी पाऊस आला आणि गाळ पुन्हा ओला झाला. कारभाऱ्यानं तो पुन्हा वाळायला ठेवला.

नवरा गेल्यापासून शेत आणि लेक एकटीनं सांभाळणारी बाई ती, हेही तिनं सोसलं असतं. पण मधल्या काळात समीक्षाला, म्हणजे तिच्या लेकीला, पाहायला पाहुणे आले. एका हातानं नाक दाबायचं आणि दुसऱ्या हातानं पोहे खायचे, हे काही त्यांना जमेना. पोहे तसेच ठेवून ते उठले आणि नंतर हो नाही, ना नाही. गीताबाईंनी त्या रात्री पोह्यांची कढई घासता घासता ठरवलं, आता वर तक्रार करायची.

वर म्हणजे नारायणरावांकडे. जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींच्या तक्रारी ऐकायला सरकारनं त्यांना नेमलं होतं. त्यांच्या हुद्द्याचं सरकारी नाव एका दमात म्हणता येत नसे, म्हणून लोकांनी त्याचं सुटसुटीत 'लोकपाल' करून टाकलं होतं. माणूस सचोटीचा. इतका, की पाहणीला गेल्यावर कुणाच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसे. नोकरीच्या सुरुवातीला एका नळाच्या भांडणात त्यांनी एका घरी अर्धा कप चहा घेतला होता. दुसऱ्या घरच्यानं भर बाजारात बोंब ठोकली, "साहेब अर्ध्या कपात फुटले!" तेव्हापासून नारायणरावांनी कानाला खडा लावला. घोटभर पाणीही ते स्वतःच्या बाटलीतलंच प्यायचे.

आता योग असा, की नारायणरावांची पाहणी आणि समीक्षाला पाहायला येणारे नवे पाहुणे, दोन्ही एकाच दिवशी आले. पाहणी सकाळी, पाहुणे दुपारी. गीताबाई खूश होत्या. साहेब येतील, ढीग जाईल, दारात सडा पडेल, रांगोळी निघेल.

साहेब आले. त्यांनी ढिगाचे चारी बाजूंनी फोटो काढले. कारभारी ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन गल्लीच्या तोंडाशी हजरच होता.

"इतके दिवस काय करत होता?" नारायणरावांनी विचारलं.

"साहेब, उचलणारच होतो जी. पण तेवढ्यात बाईनं तक्रार देली. तक्रार देली म्हणजे ढीग झाला पुरावा! आता म्या हात लावला असता तर तुमीच म्हणले असते, कारभाऱ्यानं पुरावा नष्ट केला."

 नारायणरावांनी ओट्यावर बसून पंचनामा लिहिला. "बाई, इथं सही करा. सही झाली की लगेच आदेश देतो आणि ढीग गेलाच म्हणून समजा."

गीताबाई आतून चहा घेऊन आल्या. पाहुण्यांसाठी काढलेले नवे कप, वेलची घातलेला चहा, सोबत बशीत खारी.

"करतो ना सही. आधी चहा घ्या जी."

"मी पाहणीत काही घेत नाही."

"घोटभर घ्या."

"घोटभरसुद्धा नाही. नियम आहे माझा."

गीताबाईंचा चेहरा पडला. कप हातात तसाच राहिला आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. "त्या पह्यल्या पाहुण्यायनं पोहे टाकले, आता तुमी चहा टाकून राह्यले. माह्या घरात काय इख हाये काय? जो माह्या घरचा घोटभर चहा घेत नाई, त्याच्या कागदावर माही सही नाई होत. घ्या तुमचा कागद!"

"आई, अवं पाहुणे येऊन राह्यले ना!" आतून समीक्षा ओरडली.

"येऊ दे! आधी चहा, मंग सही."

"आधी सही, आणि चहा कधीच नाही," नारायणराव म्हणाले.

झालं! इकडे आड, तिकडे विहीर. सही नाही म्हणून आदेश नाही, आदेश नाही म्हणून ढीग जागचा हलत नाही. कारभाऱ्यानं ट्रॅक्टर बंद केला आणि ट्रॉलीच्या सावलीत बैठक मारली.

तेवढ्यात समीक्षाचा फोन वाजला. पाहुण्यांनी वाटेतलं चिखली गाव सोडलं होतं. पाहणीला उशीर तर झालाच होता, वरून पाहुणेही वेळेआधी निघाले होते. पोरीनं नवी साडी खोचली, फिनाईलची बाटली आणली आणि ढिगावर रिकामी करू लागली. आता वास दुप्पट झाला.

शेजारचे शकूरमियाँ गाद्या भरायचं काम सोडून धावत आले. "साहेब, चहाच घ्यायचा हाये ना? माह्या घरी चला. वहां पी लो, बाईकडं कप रिकामा दाखवू."

"तक्रारीवर तुमचीही सही आहे."

ती होतीच. सगळ्या गल्लीनं सह्या केल्या होत्या. सही न केलेला तिथं एकच जीव होता, शकूरमियाँचा बोकड, आणि तो चहा करत नव्हता.

शकूरमियाँनी दाढी खाजवली. "साहेब, एक बात बताओ. बहन के घर की चाय रिश्वत होती है क्या?"

"बहिणीच्या घरची? नाही. पण..."

"मग झालं की! या बाईले भाऊ नाई. समीक्षाले मामा नाई. पाहुणे पह्यलं काय विचारतीन? मामा कोण, मामाचं गाव कोणतं!"

"अहो, असं कसं? बहिणीचं प्रकरण मला चालवताच येत नाही. नियमात बसत नाही."

"मंग नका चालवू," गीताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता चढा नव्हता.

नारायणरावांनी ढिगाकडे पाहिलं, फिनाईलची रिकामी बाटली धरून उभ्या पोरीकडे पाहिलं. सबंध जिल्ह्यात हजारो दारं त्यांनी पाहिली होती, पण 'या, बसा' म्हणून कुणी बोलवावं असं एकही घर त्यांना आठवेना. नियम साबूत होता, नाव साबूत होतं आणि ढीगही साबूत होता. त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी पंचनामा उलटा केला आणि मागं लिहिलं, 'तक्रारदार माझी बहीण असल्याने हे प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावे.' मग हात पुढं केला. गीताबाईंनी देवघरातला लाल धागा आणून त्यांच्या मनगटाला बांधला, कुंकू लावलं. नारायणरावांनी निवलेला चहा एका दमात संपवला आणि दुसरा मागितला.

कारभारी खुशीत उठला. "म्हणजे आता दुसरे साहेब येईस्तोवर पुरावा इथंच राहू द्याचा ना जी?"

"पुरावा माझ्या फोटोत आहे," असं म्हणत नारायणरावांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "गीताबाई, फावडं आण वं."

"साहेब! अहो साहेब, थे ग्रामपंचायतीचं काम हाये!"

"मंग कर ना बे!" नारायणराव गरजले. सरकारी मराठी कुठल्या कुठं पळाली. "माह्या बहिणीच्या दारात घाण हाये, अन् तू काऊन सावलीत बसून राह्यला?"

खुद्द लोकपालाच्या हातात फावडं पाहून कारभाऱ्याची पाचावर धारण बसली. ट्रॅक्टर सुरू झाला. शकूरमियाँनी टोपली धरली, गल्लीतली माणसं घमेली घेऊन आली. शेवटची टोपली ट्रॉलीत पडते न पडते तोच पाहुण्यांची गाडी गल्लीत वळली. सडा टाकायला तेवढा वेळ मिळाला नाही.

पाहुणे दुसरबीडच्या अलीकडच्या एका खेड्यातले. मुलगा, त्याचे वडील पुंजाजी आणि आई. सगळे निवांत बसले. कुणी नाकाला रुमाल लावला नाही. पोहे सगळ्यांनी संपवले, पुंजाजींनी तर वरून मागितले. गीताबाईंना राहवलं नाही. "थोडा वास येऊन राह्यला असन, जागा आत्ताच साफ केली."

"वास?" पुंजाजी म्हणाले. "आमाले कुठचा वास येते बाई? आमच्या दारात यापेक्षा मोठा ढीग हाये. सवय झाली." मग समीक्षाकडे वळून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "बेटा, मामाचं नाव काय?"

समीक्षानं दाराकडे बोट दाखवलं. दारात नारायणराव उभे होते. गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळावर कुंकू, हातात पोह्यांची बशी.

पुंजाजी ताडकन उठले. "अरे बाप्पा! हे तं लोकपाल साहेब! आमच्या ढिगाची तक्रार यायच्याच कडं हाये! बसा ना साहेब. पोरगी आमाले पसंत हाये, या गोष्टीवर घ्या पेढा."

त्यांनी सोबत आणलेल्या खोक्यातला पेढा पुढं केला. नारायणरावांचा हात सवयीनं मागं गेला. "तुमचं प्रकरण माझ्यापुढं आहे. पेढा घेता येणार नाही."

"साहेब, अब तो ये समधी हो गये, व्याही!" शकूरमियाँ म्हणाले.

"म्हणजे त्यांचंही प्रकरण मला चालवता येणार नाही," नारायणराव डोक्याला हात लावून म्हणाले. "मग यांच्या ढिगाचं करायचं काय?"

गीताबाईंनी धुऊन ओट्याला टेकवलेलं फावडं उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.

"न्या ना भाऊ. आपलंच हाये."